उत्तर-दक्षिण

पाळकसाहेब म्हणाले, आधी मेलेले उठतील, मग आपण जिवंत आहोत ते, आणि दानियालच्या हातातला चष्मा फरशीवर पडला. काच फुटली नाही, पण आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी मान वळवून पाहिलं. झावळ्यांचा रविवार होता. पोरांनी आणलेल्या शिंदीच्या फांद्या दाराशी पडल्या होत्या आणि वर पंखा नुसताच कुरकुरत होता. हे प्रवचन दानियालनं लहानपणापासून ऐकलं होतं. कर्णा वाजणार, प्रभू ढगांतून येणार, कबरी उघडणार, आणि तेव्हा जे जिवंत असतील त्यांना चालताबोलता वर उचललं जाणार. नळदुर्गच्या या पत्र्याच्या चर्चमध्ये तीन पाळक बदलले, पण हे प्रवचन बदललं नव्हतं. उद्या सकाळी हायवेला ट्रक येणार यावर त्याचा जितका विश्वास होता तितकाच यावरही होता. फक्त 'आधी' हा शब्द त्याला आजवर कधी लागला नव्हता. अकरा महिन्यांपूर्वी त्याची बायको सारजा गेली. आता मेलेल्यांमध्ये त्याचं स्वतःचं माणूस होतं. आणि त्या माणसाच्या शेजारी सिद्धाराम होता. सिद्धाराम म्हणजे सारजाचा पहिला नवरा. त्याला जाऊन चौतीस वर्षं झाली होती. म्हणजे कर्णा वाजला की ती दोघं आधी उठणार, एकमेकांना आधी बघणार, आणि दानियाल त्या वेळी हायवेच्या कडेला कुठल्यातरी ट्रकच्या फाळक्यामागं हातात ब्रश धरून बसलेला असणार.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दाराशी उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. दानियालची पाळी आली तेव्हा त्यानं हात सोडला नाही.

"पाळकसाहेब, मधी किती वेळ जाणार?"

"कशाच्या मधी, काका?"

"मेलेले उठल्यावर. आपल्याला उचलायच्या आधी."

पाळक तरुण होते, सोलापूरहून येत. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला धीर हवाय. "अहो, पापणी लवते न लवते तोवर सगळं होणार. सारजाकाकू भेटणार तुम्हाला. काळजी करू नका."

"पापणी लवायला बी वेळ लागतोच की," दानियाल म्हणाला. पण पाळकसाहेबांनी तोवर मागच्या माणसाचा हात धरला होता.

तो आठवडा दानियालनं त्या पापणीएवढ्या वेळात काढला. सकाळी दुकान उघडायचं, रंगाचे डबे हलवायचे, आणि डोक्यात तेच. दुकान म्हणजे हायवेला लागून चार पत्रे. पूर्वी ट्रक रांगेनं उभे असायचे. त्यानं अणदूरचा खंडोबा काढला होता, तुळजाभवानी काढली होती, चांदतारा काढला होता, एका केरळच्या गाडीवर क्रूसही काढला होता. आता लोक मशीनवर कापलेलं रेडियम चिकटवतात. तरी एखादा जुना मालक हातचं अक्षर मागत येतो. त्या सोमवारी तसा एक आला आणि दानियाल त्याच्या मुलीचं नाव लिहिताना एक मात्रा विसरला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुसून परत लिहिताना तो विचार करत होता, एवढ्या वेळात माणूस काय बोलू शकतो? नाव घेऊ शकतो. सिद्धाराम तिचं नाव घेईल. तो काय म्हणून हाक मारायचा तिला? सारजा? सारजे? की आणखी काही? एकतीस वर्षांच्या संसारात दानियालनं हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ती खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणूनच विचारलं नव्हतं.

सिद्धारामबद्दल त्याला जे माहीत होतं ते सगळं लोकांकडून कळलेलं. तो चर्चमध्ये पेटी वाजवायचा. आवाज असा, की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. एकोणतिसाव्या वर्षी काविळीनं गेला. तेव्हा सारजा पंचवीसची, आणि पोर महेश्वरी सहा महिन्यांची. दोन वर्षांनी वडीलमंडळींनी दानियालला विचारलं आणि तो हो म्हणाला. त्याला गाता येत नव्हतं. चर्चमध्ये तो नुसते ओठ हलवायचा. सारजा भाकरी थापताना गुणगुणायची आणि तो घरात आला की थांबायची. त्याला बघून थांबायची की भाकरी तव्यावर टाकायची वेळ झाली म्हणून, हे त्याला कधी कळलं नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खिळ्यानं कोरलेलं नाव त्याला दिसलं. सिद्धाराम. अक्षर वाकडं होतं, 'द्धा'चा पाय घसरलेला. दानियालनं दुकानातून ट्रकचा हिरवा ऑइलपेंट आणला आणि झाकण आतून रंगवलं. रंगाच्या एका हातानंतरही नाव दिसत राहिलं. दुसरा हात मारला. तिसरा मारला. सारजा दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "वाळला का बघा, लुगडी ठेवायचीत." कितीतरी दिवस तिच्या लुगड्यांना रंगाचा वास येत होता. ती त्या वासाची लुगडी नेसून चर्चला गेली, बाजारात गेली, आणि पुढं कधी त्याबद्दल बोलली नाही. आता रात्री अंथरुणावर पडलं की दानियालला वाटे, तिनं तेव्हा भांडायला हवं होतं. भांडली असती तर ते तिथंच संपलं असतं.

पाळकसाहेब असंही म्हणाले होते, की त्या दिवशी शरीरं नवी मिळतील. रोग नाही, म्हातारपण नाही, सूज नाही. सारे आनंदानं आमेन म्हणाले होते, दानियालही म्हणाला होता. आता तो ते उलगडून बघत होता. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तो तिला जीपनं सोलापूरला डायलिसिसला न्यायचा. डाव्या हाताची शीर फुगून काळीनिळी झालेली. पाय सुजून चप्पल घालता येत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःची चप्पल तिला दिली आणि पट्टा कापून मोठा केला. तिचे पाय तो रोज मांडीवर घेऊन दाबायचा. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. ते पाय त्याचे होते. ते दुसऱ्या कुणी पाहिलेही नव्हते. आणि त्या दिवशी तेच जाणार. उठणार ती पंचविशीची सारजा, जी सिद्धारामला माहीत होती आणि दानियालनं कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या घरात आली ती सत्तावीस वर्षांची, कडेवर पोर, तोंडावर हसू नसलेली बाई. त्याच्या वाटणीला आलेली सारजाच तेवढी पुसली जाणार होती. मागच्या पाळकांनी एकदा समजावलं होतं की वरती कुणी कुणाची बायको नसते, कुणी कुणाचा नवरा नसतो. तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. आता वाटत होतं, नवरा नसेना का. पण माणूस माणसाला बघेल तर खरं? आधी कुणाला बघेल?

आणि जागा तिनंच मागितली होती. सोलापूरहून परत येताना, बोरामणी मागं पडल्यावर, डोळे मिटून ती म्हणाली, "मला सिद्धारामशेजारी ठेवा." दानियाल "बरं" म्हणाला. ड्रायव्हर ऐकत होता. तिनं त्या वेळी आभाळ मागितलं असतं तरी तो बरंच म्हणाला असता. पण का, हे विचारायचं राहिलं. आठव्या दिवशी ती गेली.

शुक्रवारी संध्याकाळी महेश्वरीचा सोलापूरहून फोन आला.

"पप्पा, उद्या कबरींना चुना मारताय ना? परवा पहाटे ईस्टरची उपासना तिथंच हाय."

"मारतो की."

"आईची मारताना त्यांची पण मारा. दरसाल आई मारायची." सिद्धारामला ती 'ते' म्हणायची. बाप म्हणून हाक मारायला तिला त्याचा चेहराच आठवत नव्हता. "मला यंदा यायला जमंना, बारकीची परीक्षा हाय."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नका. फोटो पाठवा. दोन्हींचा."

"माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या चुन्यावर न्हाय. लई पातळ करता." ती हसली. "जेवलात का?"

"जेवलो," तो म्हणाला. तो जेवला नव्हता.

शनिवारी नऊ वाजताच ऊन तापलं होतं. कब्रस्तान हायवेच्या पलीकडं. एक भिंत, भिंतीच्या एका बाजूला मुसलमानांचं आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती लोकांचं. दोन्हींकडं खणायचं आणि राखायचं काम गफारचं, त्याआधी त्याच्या बापाचं. सारजा दर वर्षी या शनिवारी पोरीला घेऊन चुन्याची बादली उचलून यायची आणि दानियाल दुकानात एखादं नसलेलं काम काढून बसायचा. बत्तीस वर्षांत तो सिद्धारामच्या कबरीजवळ गेला नव्हता. सारजाला ठेवलं त्या दिवशी गेला होता, पण त्या दिवशी त्यानं खड्ड्याशिवाय काहीच पाहिलं नव्हतं. आज त्यानं आधी सारजाची कबर पांढरी केली. घट्ट चुना, दोन हात. क्रूसावर काळ्या रंगानं तिचं नाव लिहिलं, ट्रकवर लिहितो त्याहून बारीक आणि सरळ. मग बादली उचलून पलीकडं वळला आणि गवत बाजूला सारून सिद्धारामचे दगड शोधू लागला. दगड खचले होते. एक सापडला, दुसरा सापडला, तिसरा भलतीकडंच निघाला. त्यानं पाय ठेवून माप घेतलं. मग उभा राहून सगळ्या कब्रस्तानावर नजर फिरवली. सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम होत्या. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे माणूस उठून बसला की तोंड पूर्वेला, जिकडून प्रभू येणार तिकडं. ही एकच त्यांना आडवी होती.

गफार निंबाखाली बसून खुरप्याला धार लावत होता.

"गफार, ही अशी आडवी का रं?"

गफारनं पाहिलं आणि कानाची पाळी पकडली. "तुमाला आज दिसली व्हय, पेंटर? चौतीस वर्सं झाली तिला."

"कुणी केली?"

"म्याच. एकोणीस वर्साचा हुतो. अब्बा हातरुणावर. माझी पैली कबर, आन ती बी तुमच्यातली. म्या आपली आमच्यासारखी खांदली, उत्तर-दक्षिण. आमच्यात डोकं उत्तरंला आन तोंड मक्केकडं. तुमचं येगळं असतंय हे मला कुणी सांगितलंच न्हाय. लोक घामाघूम, रडारड चाललेली, पेटी खाली सोडली, माती बी लोटली. मंग एक म्हातारी वरडली, अगं आई, ह्यो तर दक्षिणंकडं तोंड करून उठंल! अब्बानं हातरुणातनं उठून मला काठीनं हाणला."

"मग नीट का न्हाय केली?"

"पाळक म्हनले, ऱ्हाऊ दे, देवाला दिशा ठावं हायत."

दानियाल सिद्धारामच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला आणि पाय जिकडं होते तिकडं त्यानं पाहिलं. तिकडं दोन फुटांवर सारजा होती. ओला चुना उन्हात चमकत होता. सगळ्या कब्रस्तानात हा एकच माणूस असा होता, की तो उठून बसला की त्याला प्रभू दिसणार नव्हता, सारजा दिसणार होती. चौतीस वर्षं हा इथं तिच्या जागेकडं तोंड करून पडला होता, ती जागा रिकामी होती तेव्हापासून.

"सारजाला ठावं हुतं हे?"

"ठावं नसायला काय झालं? दरसाल चुना कोण मारायचं?"

"आन तरी तिनं तीच जागा मागितली."

"गेल्या साली बघून गेल्या की वैनी. पाय सुजलेले, ह्या दगडावर बसल्या. मला म्हनल्या, गफारभाऊ, दुपारी निंबाची सावली कुटवर येती?"

"तू काय म्हनलास?"

"म्हनलो, इतवर येती. त्यांनी हातानं दाखवलं, इतं? म्हनलो, व्हय, इतं."

सावली. दानियालनं तो शब्द धरून पाहिला. आजारी बाई, उन्हाचा त्रास व्हायचा, सावलीची जागा निवडली. एवढंच असेल. पण सावली तिनं स्वतःसाठी विचारली, की इतकी वर्षं सिद्धारामवर ऊन येतं का ते बघत होती म्हणून तिला ठाऊक करून घ्यायचं होतं? मेलेल्या माणसाच्या उन्हाचाही आपल्याला हेवा वाटतोय हे त्याच्या ध्यानात आलं, तरी तो वाटायचा थांबला नाही.

"ह्याला वळिव," तो म्हणाला.

"कुणाला?"

"ह्याला. पूर्वेकडं तोंड कर. सगळ्यांसारखं. ही तुजी चूक हाय, तू नीट कर."

गफारनं खुरपं खाली ठेवलं. "पेंटर, डोकं ठिकाणावर हाय का? चौतीस वर्सांनी खाली काय ऱ्हायलंय वळवायला? सदऱ्याची बटनं घावतील. ती वळवू?"

दानियाल दोन कबरींच्या मधल्या पट्टीकडं बोट करून म्हणाला, "मग मला हितं घे. मधी."

"दोन फूट जागा हाय. तितं तुमी हुबं ऱ्हाचाल, निजाचाल न्हाय." गफारला हसू आलं, पण त्यानं दानियालचं तोंड पाहिलं आणि ते गिळलं. "तिकडं हाय की जागा. वैनींच्या पल्याड. कुणाची न्हाय ती."

सारजाच्या दक्षिणेला खरंच जागा होती. दानियालनं डोक्याचं फडकं काढून अंथरलं आणि तो तिथं आडवा झाला, जसं शास्त्र तसा, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. जमीन तापलेली होती. पाठीला खडे टोचले. डावीकडं तिची पांढरी कड दिसत होती, हात लांबवला तर लागली असती. त्यानं डोळे मिटले, आणि मग कर्णा वाजल्यावर उठावं तसा तो एकदम उठून बसला. समोर हायवे. अणदूरकडून ट्रक येत होते, एकामागं एक, त्यातल्या एकावरचं नाव त्याच्या हातचं होतं. सारजा दिसत नव्हती. असं सरळ बसलं तर शेजारचं माणूस दिसतच नाही. सगळे रांगेनं पुढं बघत बसणार, थेटरात बसल्यासारखे. तीही पुढंच बघणार. फक्त सिद्धाराम एक त्या बाजूनं तिच्याकडं बघत असणार. आणि तिच्या पलीकडं? दानियालनं मान वळवली. तिच्या पलीकडं, तिच्या खांद्यावरून, त्याला दानियाल दिसणार होता. हे त्याला आतापर्यंत सुचलं नव्हतं. सिद्धाराम डोळे उघडेल, आपल्या बायकोला बघेल, आणि तिच्या मागं एक अनोळखी म्हातारा. नवं शरीर मिळालं तरी अनोळखीच. कोण हा, असं तो विचारेल. महेश्वरीला शाळेत कुणी घातलं, तिचं लग्न कुणी केलं, सारजाचे पाय कुणी दाबले, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. त्याला सहा महिन्यांची पोर आठवत असेल. आणि ते सगळं त्याला सांगायचं तर दानियालनं पूर्वेकडं तोंड करून, त्याच्याकडं कान करून सांगायचं? चोरासारखं?

"आमच्यात बी ईसा, तुमचे परभू, येणार हायत," गफार निंबाखालून म्हणाला. त्याला वाटलं, पेंटर प्रार्थना करतोय. "कयामतच्या आदी. अब्बा सांगायचे."

"गफार, हिकडं ये."

गफार आला.

"माझी पूर्व-पश्चिम खांदू नगंस. उत्तर-दक्षिण खांद. पण उलटी. डोकं तिकडं दक्षिणंला, पाय हिच्याकडं. म्हंजी उठलो की तोंड हिच्याकडं."

"आन त्याच्याकडं बी."

"त्याच्याकडं बी."

गफार उकिडवा बसला. "बायकोकडं पाय करून निजणार? बरं दिसतंय का ते?"

"त्याचे पाय चौतीस वर्सं चालत्यात, माझे का न्हाय?"

"आन तुमचा परभू पूर्वेकडनं येणार, त्याचं काय?"

"त्यो आला की सगळीकडनं दिसंल. मला मान वळवता येती."

"आन तुमी जित्ते असतानाच आला तर?"

दानियालनं हायवेकडं पाहिलं. त्याचं वय चौसष्ट होतं, रक्तदाब सोडला तर काही दुखत नव्हतं. "मग आपलं नशीब," तो म्हणाला. "पण मी म्हनतोय त्याला, थोडं थांब म्हणून."

"पाळक काय म्हनतील, अशी आडवी बघून?"

"त्यास्नी सांग, गफारची परत चूक झाली."

गफार म्हणाला, "आता काठीनं हाणायला अब्बा बी न्हाईत," आणि उठून भिंतीला टेकवलेली मापाची दोरी घेऊन आला. "निजा. पोट आत घिऊ नगा, खरं माप द्या."

दानियालनं फडकं फिरवून अंथरलं आणि तो उलटा आडवा झाला. सिद्धारामच्या कबरीला अजून चुना लागायचा होता, तो नंतर लावू, फोटो पाठवायचाय, असं त्यानं मनाशी म्हटलं. वर निंबाची सावली अजून त्याच्यापर्यंत आली नव्हती. गफारनं डोक्यापासून दोरी धरली आणि ती सोडत सोडत तो खाली गेला.

"पाय जरा आवरा," तिकडून गफार म्हणाला. "वैनींच्या ओल्या चुन्याला लागत्यात."

दानियालनं पाय आवरले नाहीत.